रानातला बिअर्डेड ड्रॅगन: शोधायचा कसा, ओळखायचा कसा

ऑस्ट्रेलियात राहत असाल किंवा फिरायला येणार असाल तर बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे दाढीवाला सरडा, पेट शॉपमधे बघू नका, रानात बघा. सीझन सप्टेंबर ते नोव्हेंबर, म्हणजे तिकडचा वसंत, कारण थंडीत हे साहेब ओंडक्याखाली नाहीतर पाल्यापाचोळ्यात घुसून पडलेले असतात. न्यू साउथ वेल्स, क्वीन्सलँडच्या आतल्या कोरड्या भागातून जाताना कुंपणाच्या खांबांवर नजर ठेवा (गाडी चालवणाऱ्याने नको हां), एखाद्या खांबाला वर जास्तीची खुंटी दिसली की थांबा, बहुतेक तोच.

सकाळी रंग काळपट, अंग चपटं करून उन्हाकडे तिरका बसलेला, म्हणजे तापत बसलाय. ऊन चढलं की तोच फिकट पडतो आणि आ वासून बसतो, लोकांना वाटतं चिडला, पण घाम येत नाही ना त्याला, मग तोंडातून उष्णता घालवतो. राग बघायचा तर दाढी बघा, गळा फुगलेला आणि काळाकुट्ट. दाढी म्हणजे केस नाहीत हो, टोकदार खवले. मान भराभर वरखाली करतोय तर नर रुबाब दाखवतोय, आपल्याकडचा कुंपणावरचा सरडा याच घराण्यातला, तोही तेच करतो. एक पुढचा पाय उचलून हळूच गोल फिरवला तर टाटा नाहीये तो, समोरच्याला सांगतोय की बाबा मी लहान, भांडण नको. मला विचाराल तर बघण्यासारखं हेच आहे.

ब्रिस्बेनच्या आसपास दिसला आणि तोंड आतून पिवळंजर्द असेल तर तो ईस्टर्न जातीचा. आतल्या भागातल्या सेंट्रल जातीचं तोंड गुलाबीसर, जगभर पाळतात तो हाच. सेंट्रलची अंडी ३२ डिग्रीच्या वर तापली तर क्रोमोझोमने नर असलेली काही पिल्लं चक्क मादी होऊन बाहेर येतात, आणि हे रानातही होतं हे २०१५ मधे दाखवलं गेलं.

जवळ जाताना बाजूने जा, वाकून, वरून सावली पाडू नका, डोक्यावर उजेड ओळखणारा तिसरा डोळा असतो आणि वरून येतो तो ससाणा असं त्याचं गणित आहे. हात तर लावूच नका, शेपूट तुटली तर परत येत नाही, आणि रानातला पकडून नेणं बेकायदेशीर आहे. तापलेल्या डांबरावर बसलेला दिसला तर मात्र गाडी सुरक्षित बाजूला घ्या, मागेपुढे ट्रॅफिक बघा आणि तो ज्या दिशेला तोंड करून बसलाय तिकडेच हाकला.