पुरवठा साखळीतील उत्सर्जनाचा हिशेब: या चुका टाळा

एखादी कंपनी स्वतःचे ट्रक विकून मालवाहतूक बाहेरच्या वाहतूकदाराकडे सोपवते आणि त्या वर्षीच्या अहवालात तिचे उत्सर्जन झपाट्याने घटलेले दिसते. प्रत्यक्षात तेच डिझेल त्याच रस्त्यांवर जळत असते. ते फक्त पहिल्या रकान्यातून, म्हणजे स्वतःच्या थेट उत्सर्जनातून, तिसऱ्या रकान्यात, म्हणजे इतरांकडून होणाऱ्या उत्सर्जनात गेलेले असते. जीएचजी प्रोटोकॉल या हरितगृह वायूंच्या हिशेबाच्या जागतिक नियमावलीच्या पद्धतीत या तिसऱ्या रकान्याला ‘स्कोप ३’ म्हणतात आणि त्यात विकत घेतलेल्या कच्च्या मालापासून विकलेल्या वस्तूच्या विल्हेवाटीपर्यंत १५ प्रकार मोडतात. अचानक झालेली मोठी घट दिसली, की सर्वप्रथम काम कोणाकडे सरकले ते तपासावे.

दुसरी चूक अधिक फसवी आहे, कारण ती सोयीची आहे. भाड्यापोटी किती पैसे दिले त्याला ‘दर रुपयामागे इतके उत्सर्जन’ अशा एका सरासरी गुणकाने गुणून उत्सर्जन काढले जाते. २०२१ मध्ये कंटेनरचे समुद्री भाडे कित्येक पटींनी वाढले, म्हणून जहाजांनी तितक्या पटींनी इंधन जाळले असे नव्हे. आणि पुढे भाडे कोसळले तेव्हा कोणी पर्यावरणाचे भलेही केले नव्हते. या पद्धतीने ढोबळ अंदाज येतो आणि लक्ष कुठे द्यायचे ते कळते, परंतु वर्षागणिक प्रगती मोजायला ती निरुपयोगी आहे. त्यासाठी मालाचे वजन, अंतर, वाहनाचा प्रकार आणि भरलेला भार यांवरून टन-किलोमीटरचा (एक टन माल एक किलोमीटर नेणे) हिशेब मांडावा लागतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले आयएसओ १४०८३ हे मानक याच कामासाठी आहे आणि त्यात रिकाम्या फेऱ्याही धरल्या जातात. वाहतूकदाराकडून आलेल्या आकड्यांत परतीची रिकामी फेरी नसेल, तर ते आकडे अपुरे समजावेत.

नियोजनातील घाईचा खर्च तर क्वचितच कोणी लिहून ठेवतो. जहाजाचे दर तासाचे इंधन साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग १० टक्क्यांनी कमी केला, तर जास्त लागणारा वेळ धरूनही त्याच अंतराला सुमारे १९ टक्के कमी इंधन पुरते. पण मागणीचा अंदाज चुकला, की उशिरा निघालेला माल विमानाने पाठवला जातो आणि प्रति टन-किलोमीटर विमानाचे उत्सर्जन कंटेनर जहाजाच्या कित्येक पट असल्याने सगळी बचत एका खेपेत वाहून जाते. अशा प्रत्येक खेपेचे कारण आणि मंजुरी देणारा विभाग नोंदवला, तर दोष बहुधा वाहतूक विभागात नव्हे, विक्रीच्या अंदाजात सापडतो.

इंधन बदलताना केवळ धुराड्यातून किती कार्बन डायऑक्साइड निघतो एवढेच पाहू नये. द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या इंजिनातून न जळालेला मिथेन निसटतो आणि २० वर्षांच्या कालावधीत मिथेनची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक असते.

हवामानाची जोखीम मोजताना होणारी चूक वेगळ्या जातीची आहे. दोन पुरवठादार नेमले म्हणजे आपण सुरक्षित झालो, असे मानले जाते. मात्र दोघेही एकाच नदीच्या पूरक्षेत्रात असतील, तर नावे दोन आणि जोखीम एकच. २०११ मध्ये थायलंडमधील पुराने औद्योगिक वसाहती बुडाल्या आणि जगभर हार्ड डिस्कची टंचाई झाली. मार्गांचेही तसेच आहे. २०२३ च्या दुष्काळात, पनामा कालव्याला पाणी पुरवणाऱ्या गातून सरोवराची पातळी खालावल्याने त्या कालव्यातून रोज साधारण ३६ जहाजांऐवजी २४ च्या आसपास जहाजे सोडण्यात येऊ लागली, आणि त्याच सुमारास तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे सुएझचा मार्गही टाळावा लागला. म्हणून पर्यायी मार्गाची यादी करताना दोन्ही मार्ग एकाच वेळी बंद पडले तर, हा प्रश्न विचारून पाहावा, आणि पुरवठादाराच्या मुख्यालयाचा नव्हे तर कारखान्याचा पत्ता नकाशावर मांडावा.

उरली पुरवठादारांना धाडल्या जाणाऱ्या प्रश्नावल्यांची गोष्ट. लहान कारखानदाराकडे प्रत्येक ग्राहकाचा वेगळा लांबलचक तक्ता येतो, तो काहीतरी आकडे भरून परत पाठवतो आणि तेच आकडे पुढे अहवालात स्थिरावतात. त्याऐवजी वीज, इंधन आणि उत्पादनाचे वजन एवढेच, बिलांसह मागितले, तर तीन विश्वासार्ह आकडे हाती येतात; अर्थात, त्याच पत्रासोबत दर कमी करण्याची मागणी जोडली नाही तरच.