नांगरटीतून निघालेल्या लष्करी वस्तू कशा ओळखाव्यात

इंग्लंडच्या नांगरलेल्या शेतांतून मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्यांना सोन्याचांदीपेक्षा शिशाच्या गोळ्या, गणवेशाची बटणे आणि काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या कितीतरी अधिक सापडतात, आणि ओळख न पटल्यामुळे त्यांतील बऱ्याचशा एखाद्या डब्यात पडून राहतात. तेथे राहून हा छंद जोपासणाऱ्या मराठी मंडळींना या वस्तू स्वतः ओळखता याव्यात, यासाठी हे लिहीत आहे. शेतमालकाची परवानगी, शक्यतो लेखी, आधी घ्यावी आणि संरक्षित स्मारकाच्या जागेवर यंत्र चालवू नये, कारण तो गुन्हा आहे. सुट्टीत गावी आल्यावर हेच यंत्र आपल्या गडकिल्ल्यांवर नेण्याचा मोह कोणी धरू नये. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या भारतीय कायद्यानुसार संरक्षित क्षेत्रात परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही, आणि जमिनीत दडलेली मौल्यवान वस्तू सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

ओळख पटवण्यापूर्वी वस्तू धोकादायक तर नाही ना, हे पाहावे. ज्या काडतुसात गोळी अजून बसलेली आहे, ज्या लोखंडी गोळ्याला एका बाजूस भोक किंवा बुजवलेली खूण आहे, किंवा जे हातबॉम्बसारखे दिसते, ते जागचे न हलवता ९९९ वर पोलिसांना कळवावे. जुनी दारू निकामी झाली असेल असे गृहीत धरणे जिवावर बेतते. अमेरिकेत व्हर्जिनिया येथे २००८ मध्ये यादवी युद्धातला तोफगोळा साफ करताना झालेल्या स्फोटात एका जाणकार संग्राहकाचा मृत्यू झाला, आणि तो गोळा तेव्हा सुमारे १४० वर्षे जुना होता.

दुसरी काळजी सफाईची. घरातील तांब्यापितळेची भांडी आपण चिंच किंवा लिंबू लावून लख्ख करतो, पण ती सवय येथे पूर्णपणे बाजूला ठेवावी, कारण आम्लाने हिरवट थराबरोबर बटणावरील क्रमांक आणि मागील अक्षरेही झिजतात. सुकलेली माती मऊ ब्रशने झाडावी, एवढे पुरे. शिसे विषारी असल्याने गोळ्या हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

शिशाची गोळी ओळखताना डोळ्यांपेक्षा वजनकाट्यावर विश्वास ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. गोळीचा व्यास सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा घन काढावा आणि त्याला ५.९४ ने गुणावे, म्हणजे शुद्ध शिशाच्या गोळीचे वजन ग्रॅममध्ये मिळते. ब्रिटिश पायदळाच्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीच्या नळीचा व्यास सुमारे १९ मिलिमीटर असे, पण गोळी पटकन आत सरकावी म्हणून ती साडेसतरा मिलिमीटरच्या आसपास ओतली जाई, त्यामुळे तिचे वजन ३२ ग्रॅमच्या जवळपास भरते. या हिशेबाचा खरा उपयोग चेपलेल्या गोळीसाठी होतो, कारण आकार बिघडला तरी वजन फारसे बदलत नाही. समजा, एखादा वेडावाकडा तुकडा २२ ग्रॅम भरला, तर २२ ला ५.९४ ने भागून येणाऱ्या ३.७ चे घनमूळ साधारण १.५५ येते. म्हणजे ती मुळात साडेपंधरा मिलिमीटरची, बहुधा घोडदळाच्या कार्बाइनची, म्हणजे आखूड बंदुकीची, गोळी होती. तुकडा मात्र तुटलेला नसावा. साच्याच्या जोडाची बारीक रेघ आणि ओतीव देठ कापल्याची चपटी खूण दिसली, तर गोळी साच्यात ओतलेली आहे हे नक्की होते. सुमारे ११ ग्रॅमची, १२ ते १३ मिलिमीटरची गोळी मात्र अनेकदा पिस्तुलाची समजली जाते आणि निघते पहिल्या महायुद्धकालीन श्रॅपनेल तोफगोळ्यातली (हा गोळा हवेत फुटून आतल्या शिशाच्या गोळ्या उधळी), विशेषतः जवळपास सरावाचे मैदान असेल तेव्हा. गोळी लांबट असून तिचा तळ पोकळ असेल, तर ती १८५३ च्या एनफिल्ड रायफलच्या जमान्यातली किंवा त्यानंतरची आहे.

पुंगळी वाचणे त्यामानाने सोपे आहे. बुडाला कडा असलेली, साधारण ५६ मिलिमीटर लांबीची पितळी पुंगळी .३०३ या ब्रिटिश रायफलच्या काडतुसाची असते, आणि तिच्या बुडावरील अक्षरे कारखाना सांगतात. ‘के’ आणि ‘एफ’ या इंग्रजी अक्षरांच्या मध्ये बाण असेल, तर ती आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार झालेली आहे.

बटणाची मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच महत्त्वाची असते, कारण तेथे बनवणाऱ्याचे नाव आणि बहुधा शहरही असते. ब्रिटिश पलटणींचे क्रमांक बटणांवर १७६७ च्या आदेशानंतर आले. साध्या शिपायांची बटणे १८५५ पर्यंत मऊ, राखाडी प्यूटरची (मुख्यतः कथलाचा मिश्रधातू) होती आणि त्यानंतर पितळेची झाली. १८७१ पासून बहुतेक शिपायांना राजचिन्हाचे एकच सामाईक बटण मिळाले, तेव्हा क्रमांकाचे पितळी बटण सापडले तर त्याचा काळ बराच आवळता येतो. मुकुटाची कमान मध्यभागी दबलेली असेल तर व्हिक्टोरिया राणीचा काळ, आणि घुमटासारखी फुगीर असेल तर १९०१ ते १९५२ या दरम्यानच्या राजांचा. १९५३ नंतर दबलेला मुकुट पुन्हा आला, पण त्या काळातील बरीच बटणे आणि बिल्ले हलक्या ॲल्युमिनियमचे आहेत, हे हातात घेताच जाणवते.

बिल्ल्यांमध्ये एक मराठी वाचकाने जरूर ओळखावा असा आहे: पांढऱ्या धातूचा तारा, त्यावर बिगुल, आणि खाली हत्ती व ‘असई’ हे नाव. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील असईजवळ, शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी ब्रिटिश सेनापती वेलस्लीची लढाई झाली. तीत जबर हानी सोसलेल्या ७४ व्या पलटणीला हत्तीचे चिन्ह मिळाले. ती पलटण १८८१ मध्ये ७१ व्या पलटणीबरोबर हायलँड लाइट इन्फन्ट्रीत विलीन झाली आणि हत्ती त्या रेजिमेंटच्या टोपीवर गेला. म्हणजे असा बिल्ला १८०३ चा नव्हे, तर १८८१ नंतरचा समजावा.

प्रत्येक वस्तू सापडताच तिचे नकाशावरील अचूक ठिकाण, खोली आणि वजन लिहून ती वेगळ्या क्रमांकाच्या पिशवीत ठेवावी, आणि इंग्लंड व वेल्समध्ये १९९७ पासून चालू असलेल्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या, म्हणजे सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेच्या, स्थानिक अधिकाऱ्याला दाखवावी. स्कॉटलंडमधील नियम वेगळे आहेत. तेथे सापडलेल्या जुन्या वस्तूंची माहिती सरकारी यंत्रणेला द्यावीच लागते. चाळीस गोळ्या एकाच डब्यात टाकल्या, तर त्या एकाच गोळीबारातल्या होत्या की निरनिराळ्या शतकांतल्या, आणि कोणत्या दिशेने सुटल्या होत्या, हे पुढे कोणालाही ठरवता येत नाही.