हायडा स्कॅनला जाताना: शेवटचं खाणं किती वाजता झालं?

सगळ्यात आधी हे कागदावर लिहा. ‘काल रात्री’ असं मोघम नको, घड्याळातली वेळ हवी. या तपासणीत पित्ताशयाचा आकार नाही, त्याचं काम पाहतात. शिरेतून दिलेलं टेक्नेशियम-99एम या किरणोत्सारी द्रव्याचं, कॅमेऱ्यात चमकणारं औषध यकृत उचलतं, पित्तात सोडतं आणि निरोगी पित्ताशय साधारण तासाभरात भरलेलं दिसतं. दिसलं नाही की पित्ताशयाची नळी तुंबून आलेल्या तीव्र सुजेचा संशय येतो. पण नुकतंच खाल्लेलं असेल तर पित्ताशय आकसलेलं असतं, आत काही शिरत नाही आणि धडधाकट माणूस आजारी ठरतो. प्रौढांनी सहाएक तास उपाशी राहावं. दुधाचा घोटसुद्धा खाण्यातच धरायचा.

म्हणून दोन दिवस उपास करून येणंही नको. 24 तासांहून जास्त पोट रिकामं असेल तर पित्ताशय घट्ट, जुन्या पित्ताने काठोकाठ भरलेलं असतं, औषधाला जागाच उरत नाही. आजारपणामुळे जेवण गेलेलं असेल किंवा पोषण शिरेतूनच चालू असेल तर ते आधी सांगा. पित्ताशय रिकामं करणारं इंजेक्शन देऊन मग स्कॅन करता येतो.

गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. मॉर्फिन, कोडीन यांसारख्या वेदनाशामकांनी पित्तनलिकेच्या तोंडाशी असलेली झडप आवळते, पित्त आतड्यात उशिरा उतरतं आणि अडथळ्याचा भास होतो. ती कधी थांबवायची ते डॉक्टरच ठरवतील. गंमत म्हणजे पित्ताशय दिसेना झालं की स्कॅन करणारे आम्हीच कधीकधी थोडं मॉर्फिन देतो: झडप आवळली की पित्त मागे वळून पित्ताशयात शिरतं. नळी खरंच तुंबली असेल तर तरीही शिरत नाही.

चूक उलटीही होते. लहान आतड्याच्या सुरुवातीला साचलेलं पित्त पित्ताशयासारखंच चमकतं आणि खरा आजार निसटतो. म्हणून मध्येच पाणी प्यायला देतात, कुशीवर वळवतात. “आत्ताच तर उपाशी राहा म्हणालात!” असं एक काकू माझ्यावर वैतागल्या होत्या. पाणी प्यायल्या, चमकणारा ठिपका पुढे सरकला, आणि ते पित्ताशय नव्हतंच.

बिलिरुबिनचा (कावीळ मोजणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट, आधीच्या शस्त्रक्रियांचे कागद फाइलमध्ये असू द्या. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. परतीची घाई ठेवू नका. कधीकधी तीन-चार तासांनी पुन्हा फोटो घ्यावे लागतात, आणि ते होईपर्यंत काही खायचं नाही.