कऱ्हाडकरांना अडवणारा फॉर्म आणि तो कसा सुधारायचा

सांगलीजवळच्या एका पतसंस्थेसाठी मी सभासद नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म केला होता. तो सुरू होऊन चार दिवस झाले आणि काउंटरवरच्या ताईंचा फोन आला. "समोर एक काका बसलेत, आडनाव कऱ्हाडकर. फॉर्म म्हणतोय नाव अवैध आहे. शेजारच्या कॉम्प्युटरवर तेच नाव घेतलं, इथे घेत नाही." मागून काकांचा आवाज आला, "सत्तर वर्षं हेच आडनाव लावतोय की मी." तो 'अवैध' शब्द मीच लिहिला होता.

तेव्हापासून फॉर्मची तपासणी मी ज्या पद्धतीने लिहिते ती इथे सांगते. साधं एचटीएमएल आणि थोडं जावास्क्रिप्ट येत असलं की पुरे.

सुरुवात स्क्रिप्टपासून करू नका. ब्राउझरला बरंच काही आधीच येतं. रकाना रिकामा चालणार नसेल तर 'रिक्वायर्ड' लिहा आणि साचा ठरलेला असेल तर 'पॅटर्न' द्या. पिनकोडचा साचा सोपा आहे: पहिला आकडा एक ते नऊ, मग शून्य ते नऊमधले पाच. पॅटर्न संपूर्ण मजकुराला लावला जातो, त्यामुळे सुरुवातीची आणि शेवटची खूण घालावी लागत नाही. पिनकोडला 'टाइप नंबर' देण्याचा मोह मात्र टाळा. पिनकोडची आपण बेरीज-वजाबाकी करत नाही. नंबरच्या रकान्यात इंग्रजी 'ई' हे अक्षरसुद्धा चालतं आणि 'मॅक्सलेंग्थ' तिथे लागूच होत नाही. टाइप टेक्स्टच ठेवा आणि 'इनपुटमोड न्यूमेरिक' जोडा, म्हणजे मोबाइलवर आकड्यांचा कीबोर्ड उघडतो.

मोबाइल नंबरला मी आधी मॅक्सलेंग्थ दहा लावली होती. ती चूक होती. लोक नंबर कॉन्टॅक्टमधून कॉपी करून आणतात, पुढे अधिक ९१ असतं, मध्ये मोकळ्या जागा असतात. ब्राउझर पहिली दहा चिन्हं ठेवतो, उरलेली कापतो, आणि माणसाला वाटतं नंबर नीट गेला. मर्यादा सैल ठेवा. आधी मोकळ्या जागा, डॅश आणि सुरुवातीचं अधिक ९१ काढून टाका, मग पाहा: दहा आकडे, पहिला सहा ते नऊ.

याच साफसफाईत देवनागरी आकडेही घ्या. मराठी कीबोर्ड चालू असेल तर लोक पिनकोड देवनागरी आकड्यांत टाइप करतात, आणि जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला 'बॅकस्लॅश डी' फक्त इंग्रजी आकडे ओळखतो. युनिकोड, म्हणजे प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक देणारी यादी. त्यात देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि इंग्रजी शून्याचा ४८. म्हणजे प्रत्येक देवनागरी आकड्याच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की काम झालं. एका ओळीचं फंक्शन आहे. मराठीत लिहिणाऱ्याला "इंग्रजी आकडे टाका" असं सांगण्यापेक्षा ती एक ओळ लिहिणं मला रास्त वाटतं.

ही सफाई प्रत्येक कळ दाबल्यावर करू नका. मराठी टाइप करताना अक्षर अर्धं असतानाच 'इनपुट' इव्हेंट येतो. तेव्हा स्क्रिप्टने मजकूर बदलला तर कर्सर उडी मारतो आणि अक्षर मोडतं. रकाना सोडल्यावर, म्हणजे 'ब्लर'ला, सफाई करा. एंटर दाबून फॉर्म थेट पाठवणारेही असतात, म्हणून 'सबमिट'ला तीच सफाई पुन्हा करा. स्क्रिप्टने भरलेल्या मजकुरावर ब्राउझर 'मिनलेंग्थ' तपासत नाही, तेव्हा लांबीचा नियम पॅटर्नमध्येच ठेवा.

आता मुख्य स्क्रिप्ट. पान उघडताच स्क्रिप्टनेच फॉर्मला 'नोव्हॅलिडेट' लावा, म्हणजे ब्राउझर स्वतःहून फॉर्म अडवत नाही. एचटीएमएलमध्ये लिहू नका, कारण स्क्रिप्ट लोड झालीच नाही तर ब्राउझरची स्वतःची तपासणी तरी चालू राहते. नोव्हॅलिडेट लावल्यावर दोन फायदे होतात. एक, चुका असल्या तरी सबमिट इव्हेंट आपल्यापर्यंत येतो. दुसरा, ब्राउझरचे फुगे थांबतात. ते ब्राउझरच्या भाषेत येतात, म्हणजे आपल्याकडे बहुतेकदा इंग्रजीत. मग सबमिटमध्ये प्रत्येक रकान्याची 'व्हॅलिडिटी' वाचा. 'व्हॅल्यूमिसिंग' असेल तर एक वाक्य, 'पॅटर्नमिसमॅच' असेल तर दुसरं. वाक्य रकान्याच्या खालीच दाखवा. एकही चूक सापडली तर 'प्रिव्हेंटडिफॉल्ट' बोलवून फॉर्म जाणं थांबवा आणि पहिल्या चुकलेल्या रकान्यात कर्सर न्या.

पॅटर्नमध्ये न बसणाऱ्या नियमांसाठी 'सेटकस्टमव्हॅलिडिटी' आहे. आमच्या फॉर्ममध्ये बँक खाते क्रमांक दोनदा भरायचा होता. दोन्ही जुळले नाहीत की त्यात संदेश टाकायचा. जुळले की रिकामी स्ट्रिंग देऊन तो पुसायचा. पुसायला विसरलात तर सगळं बरोबर भरूनही फॉर्म जात नाही.

आता कऱ्हाडकर. नावासाठी मी युनिकोडमधला देवनागरीचा पट्टा दिला होता, ०९०० ते ०९७एफ (हे क्रमांक हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पटीत मोजलेले). मराठीतलं हे 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी टाइप होतं. काही कीबोर्ड 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून त्याला हलंत जोडतात. काही जण 'र', हलंत आणि त्यापुढे 'झिरो विड्थ जॉइनर' टाकतात. हा जॉइनर डोळ्यांना दिसत नाही आणि त्याचा क्रमांक २००डी, म्हणजे माझ्या पट्ट्याबाहेर. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. नाव एकेक चिन्ह करून 'कोडपॉइंटअ‍ॅट'ने छापलं तेव्हा मला ते सापडलं.

आता नावाच्या रकान्यात मी कुठल्याही लिपीचं अक्षर चालवते. युनिकोडच्या वर्गवारीत त्याला 'एल' म्हणतात. सोबत 'एम' वर्ग हवाच, कारण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलंत त्यात येतात. फक्त 'एल' ठेवलं तर 'सीमा'सुद्धा अडते. शिवाय झिरो विड्थ जॉइनर आणि त्याचा जोडीदार झिरो विड्थ नॉन-जॉइनर, टिंब, डॅश, मोकळी जागा आणि ॲपॉस्ट्रॉफी, सरळ आणि वाकडी दोन्ही. गोव्याकडची आडनावं रोमन लिपीत आली की ती लागते, आणि फोन बऱ्याचदा वाकडी टाकतो. नावाची लांबी मोजतानाही सांभाळा. 'श्रीकृष्ण' आपल्याला तीन अक्षरं वाटतात, जावास्क्रिप्टच्या लेखी ती नऊ.

पॅन आणि आयएफएससीचे साचे पक्के आहेत. पॅन म्हणजे पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. व्यक्तीच्या पॅनचं चौथं अक्षर 'पी' असतं. सीएसएसने मोठी केलेली अक्षरं फक्त मोठी दिसतात, आत लहानच राहतात, म्हणून स्क्रिप्टनेही मोठी करा. आयएफएससी अकरा चिन्हांचा, त्यातलं पाचवं कायम शून्य. तिथे लोक 'ओ' टाइप करतात. मी ते गुपचूप बदलत नाही, पैशाचा मामला आहे. खाली लिहून येतं: "पाचवं चिन्ह शून्य असतं. पासबुकवर पाहून पुन्हा भरा."

अशी वाक्यं लिहायला वेळ द्या. 'अवैध' आणि 'चुकीचं' हे शब्द मी काढून टाकले. काय हवं आहे आणि ते कुठे सापडेल, एवढं सांगा. चूक फक्त लाल रंगाने दाखवू नका. संदेश 'एरिया-डिस्क्राइब्डबाय'ने रकान्याला जोडा, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही तो ऐकू येईल. पहिलं अक्षर टाइप होताच ओरडू नका. रकाना सोडल्यावर सांगा, आणि एकदा सांगितलं की मग दुरुस्ती होताक्षणी संदेश काढा.

हे सगळं सर्व्हरवर पुन्हा तपासायचंच. ब्राउझरचं डेव्हलपर टूल उघडून कुणीही रिक्वायर्ड पुसू शकतो, किंवा फॉर्म न उघडता थेट विनंती पाठवू शकतो. सर्व्हरवर नाव साठवण्याआधी एनएफसी नॉर्मलायझेशन करा, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं असलं तर ते युनिकोडच्या एका ठरलेल्या रूपात आणा. 'र' आणि नुक्ता (खालचं टिंब) असा लिहिलेला 'ऱ' त्याने एकच होतो. जॉइनरवालं रूप मात्र त्याने बदलत नाही, ते शोधाच्या वेळी वेगळं हाताळावं लागतं.

फॉर्म देण्याआधी मी एका फाइलमधली नावं एकेक करून भरते. दोन्ही तऱ्हांचे कऱ्हाडकर त्यात सगळ्यात वर आहेत. मग देवनागरी आकड्यांतला पिनकोड, अधिक ९१ लावलेला नंबर, 'ओ' घातलेला आयएफएससी, आणि नुसती मोकळी जागा दिलेलं नाव. हे शेवटचं रिक्वायर्डला भरलेलंच वाटतं, म्हणून सफाईत मी 'ट्रिम' सगळ्यात आधी ठेवते.