पेटी कॅशमधली पेटी कुठली? या चुका टाळा

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कॅशियर म्हणाले, "पेटी कॅशचं व्हाउचर भर." माझी नजर गेली त्यांच्या टेबलावरच्या हिरव्या पत्र्याच्या पेटीकडे. चिमुकलं कुलूप, आत चहा-रिक्षाच्या पावत्या. पेटीतली कॅश ती पेटी कॅश, असं मी मनात पक्कं करून टाकलं. पुढे कित्येक वर्षं ते तसंच राहिलं.

आपली पेटी संस्कृत 'पेटिके'ची. इंग्रजी 'पेटी' आला फ्रेंचमधून. मूळ शब्दाचा उच्चार जवळजवळ 'पती' आणि अर्थ नुसता 'लहान'. म्हणून पेटी कॅश म्हणजे किरकोळ खर्चाची रोकड. (मुंबईत पेटी म्हणजे एक लाख, ती भानगड आणखी वेगळी.) बांधकामावरचा पेटी कॉन्ट्रॅक्टर म्हणजे मोठ्या ठेकेदाराकडून तुकड्यातुकड्याने काम घेणारा. नौदलातल्या पेटी ऑफिसरला 'क्षुद्र अधिकारी' म्हणाल, तर त्याच्या समोर तरी म्हणू नका.

जुन्या इंग्रजी कायद्यात हा शब्द जीवन-मरणाचा होता. १२ पेन्सपर्यंतची चोरी 'पेटी', त्यावरची 'ग्रँड', आणि तिला फाशी. मग ज्यूरीच कधीकधी मालाची किंमत मुद्दाम कमी धरून आरोपीचा जीव वाचवायची. 'पेटी ट्रीझन' मात्र नावालाच लहान. राजाशी द्रोह तो मोठा. नोकराने धन्याला किंवा बायकोने नवऱ्याला मारलं तर तो लहान द्रोह. अशा बायकांना १७९० पर्यंत जाळण्याची शिक्षा होती. नवऱ्याने बायकोला मारलं तर तो साधा खून! १३५१च्या कायद्यातला हा गुन्हा १८२८ साली रद्द झाला.

मनाच्या कोतेपणाचा अर्थ शब्दाला मागाहून चिकटला. इथे हमखास होणारी चूक म्हणजे 'पेटी'चं भाषांतर 'कंजूष' करणं. कंजूष माणूस खिशात हात घालत नाही. पेटी माणूस सगळ्यांना बिर्याणी खिलवेल, आणि तीन वर्षांपूर्वी तुम्ही त्याच्या वाढदिवसाला फोन केला नव्हता हे वाढतावाढता ऐकवेल. आपल्याकडे त्याला 'कोत्या मनाचा' म्हणतात.

अडलात तर 'पेटी' कशाला लावलाय ते बघा. हुद्दा, रक्कम, गुन्हा असेल तर 'लहान' किंवा 'किरकोळ'. माणूस किंवा वागणं असेल तर कोतेपणा. आणि कपड्याच्या लेबलावर 'पेटीट' दिसलं तर रागावू नका. ते याच फ्रेंच शब्दाचं स्त्रीलिंगी रूप, कमी उंचीच्या बायकांचं माप.