मुक्तछंद म्हणण्याआधी अक्षरे मोजा

ओळी तोडून छापलेली आधुनिक कविता दिसली की वाचक तिला मुक्तछंद, म्हणजे अक्षरांचे वा मात्रांचे ठरावीक माप नसलेली रचना, म्हणून मोकळा होतो. पण गंगाखेडच्या जनाबाईंपासून अभंगाचा आणि घरोघरच्या जात्यापासून ओवीचा वारसा लाभलेल्या मराठवाड्यातील कवितेबाबत ही घाई अनेकदा फसवते. म्हणून कविता प्रथम मोठ्याने वाचावी, जीभ आपोआप थांबेल तिथे रेघ मारावी आणि मगच मोजणीला बसावे. उदाहरणादाखल रचलेल्या या ओळी पाहाव्यात:

गोदा आटली पात्रात, तूर वाळली शेतात
माय दळते पहाटे, गाणे जात्याचे उमटे

जोडाक्षर एकच धरले, तर प्रत्येक चरणात, म्हणजे येथे स्वल्पविरामाने विभागलेल्या अर्ध्या ओळीत, 8 अक्षरे भरतात. आता मात्रा, म्हणजे अक्षर उच्चारायला लागणाऱ्या वेळेची मापे, मोजाव्यात: ऱ्हस्वाची एक, दीर्घाच्या दोन. जोडाक्षरापूर्वीच्या ऱ्हस्वावर आघात येत असेल तरच त्याच्या दोन मात्रा होतात. ‘पुस्तक’मधील ‘पु’ दोन मात्रांचा, तर ‘पुन्हा’मधील एकाच मात्रेचा. येथे चरणांच्या मात्रा अनुक्रमे 14, 13, 12 आणि 14 येतात, म्हणजे हे चरणागणिक मात्रा ठरलेले मात्रावृत्त नव्हे. लघुगुरूंचा, म्हणजे एक आणि दोन मात्रांच्या अक्षरांचा, क्रमही बदलत असल्याने तो क्रम ठरलेले अक्षरगणवृत्तही नव्हे. उरतो तो केवळ अक्षरसंख्येवर चालणारा अक्षरछंद, आणि त्यातला 8-8 अक्षरांचा लहान अभंग. हीच मोजणी 6-6-6-4 अशी आली असती, तर मोठा अभंग ठरला असता आणि यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणाच्या शेवटी शोधावे लागले असते.

यमक नुसते नोंदवू नये, ते पारखावे. ‘पात्रात–शेतात’ हे यमक सप्तमीच्या प्रत्ययावर उभे आहे आणि असे यमक स्वस्तात मिळते. ‘पहाटे–उमटे’मध्ये मात्र नामरूप आणि क्रियापद जुळल्याने ते अधिक कसदार वाटते. शब्दांची मांडणी चारही चरणांत 2-3-3 अक्षरांचीच आहे, आणि हा एकसुरीपणा या रचनेचा दोष म्हणावा लागेल.

बोलीतील कवितेत प्रमाणरूप मनात धरून मोजू नये. ‘जात आहे’मध्ये चार अक्षरे आहेत, तर त्याच अर्थाच्या बोलीतील ‘जायलो’मध्ये तीनच. प्रमाणरूप धरल्याने मोजणी चुकली, तर तिथे चूक कवीची नसते, मोजणाऱ्याची असते.

एवढे करूनही आकृतिबंध सापडला नाही, तर रचना खरोखर मुक्तछंदात असू शकते. तेव्हा लगतच्या दोन ओळी जोडून वाचाव्यात. अर्थामध्ये आणि श्वासामध्ये काहीच बदलले नाही, तर ती ओळ केवळ छपाईसाठी तोडलेली आहे.