उशाशी पाणी ठेवता? मग या चुका टाळा

रुग्णालयातल्या रात्रपाळीत माझी २२ वर्षं गेली. औषधं, सलाइन, ड्रेसिंग ही कामं होतीच, पण एक काम रोज रात्री न चुकता करावं लागायचं, ते म्हणजे लोकांच्या उशाशी ठेवलेलं पाणी मार्गी लावणं. उघडं असेल तर झाकायचं, भलत्या जागी असेल तर हलवायचं, कुणाकुणाच्या हातातून काढूनही घ्यायचं. आता घरी असते, तरी ओळखीचे लोक विचारतात ते हेच. रात्री तीनतीनदा उठावं लागतं, घसा कोरडा पडतो, बाटलीला वास येतो. दरवेळी त्याच त्या चुका निघतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते.

दिवसाचं पाणी रात्री भरून काढणं

मला सर्वांत जास्त खटकणारी चूक ही. दिवसभर पाण्याची आठवण नसते आणि पाठ टेकायच्या वेळी लक्षात येतं की आज काही प्यायलोच नाही. किंवा फोनवरचं अ‍ॅप दाखवतं, अजून ७०० मिली बाकी. मग दोन मोठे पेले गटागटा रिकामे करून झोपायचं. आकडा पूर्ण होतो, बाकी काही साधत नाही.

रात्री मेंदूतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक दिवसापेक्षा जास्त सुटतं. ते मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला लावतं, म्हणून रात्रीची लघवी कमी आणि दाट असते आणि सहा-सात तास सलग झोप लागते. अशा वेळी अर्धा-पाऊण लिटर पाणी एकदम पोटात गेलं की रक्त जरा पातळ होतं, संप्रेरक दबतं आणि जास्तीचं पाणी पुढच्या दोन-तीन तासांत मूत्राशयात उतरतं. दुपारी पाण्यावाचून जे डोकं दुखलं ते दुखून गेलेलं असतं, त्याची भरपाई रात्री होत नाही. वय वाढतं तसं व्हॅसोप्रेसिनचं हे रात्रीचं वाढणंच मंदावतं, त्यामुळे म्हातारपणी ही सवय जास्त महागात पडते.

एक आजोबा आठवतात. रात्री बाथरूमला जाताना घरातच पडले आणि खुब्याचं हाड मोडून आमच्या वॉर्डात आले. शस्त्रक्रिया चांगली झाली, पण रात्र काही निघेना. दर दीड-दोन तासांनी युरिनल पॉटसाठी घंटी. त्यांची मुलगी म्हणाली, "सिस्टर, बाबांना प्रोस्टेटचाच त्रास असणार, त्याचं औषध सुरू करायला सांगा ना." मी इनटेक-आउटपुट चार्ट, म्हणजे किती प्यायलं आणि किती लघवी झाली याची नोंद, उघडला. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, चहा-दूध सगळं धरून ४५० मिली. रात्री आठ ते दहा, या दोन तासांत ८०० मिली. झोपताना भरपूर पाणी प्यायलं की रक्त घट्ट होत नाही, असं त्यांनी कधीतरी ऐकलं होतं आणि वर्षानुवर्षं ते निष्ठेने पाळत होते. ज्या सवयीने त्यांना रात्री उठवलं आणि पाडलं, तीच ते खाटेवरही चालवत होते.

डॉक्टरांनी आधी साखर, हृदय, मूत्रपिंडं आणि प्रोस्टेट तपासलं. मग आम्ही फक्त वेळा बदलल्या. एकूण पाणी कमी केलं नाही, थोडं वाढवलंच. उठल्याबरोबर एक पेला, प्रत्येक खाण्याबरोबर एक, मधल्या वेळेत अर्धा-अर्धा. संध्याकाळच्या जेवणानंतर मात्र घोट-दोन घोटच. शिवाय दुपारी तासभर पाय उशीवर उंच ठेवायचे, कारण त्यांच्या घोट्यांना सूज असायची. दिवसभर पायात साठलेलं पाणी माणूस आडवा झाला की रक्तात परततं आणि त्याचीही लघवी रात्रीच होते. पाचव्या रात्री आजोबांनी एकदाच घंटी वाजवली. सकाळी मुलगी मला विचारत होती, कोणतं औषध बदललं?

माझा स्वतःचा नेम असा, की शेवटचा पूर्ण पेला झोपायच्या दोन तास आधी. त्यानंतर उशाशी असतं ते घसा ओला करण्यापुरतं. म्हणून मी उशाशी जग ठेवत नाही, २५० मिलीची बाटली ठेवते. हाताशी लिटरभर असलं की माणूस झोपेत लिटरभर पितो. दोन रात्री करून पाहिलं, फरक पडला नाही, असं सांगत येणारे मला फार भेटतात. दिवसाचं पाणी वाढवायचं कष्टाचं काम त्यांनी केलेलंच नसतं, फक्त रात्रीचं बंद केलेलं असतं. तहानलेलं शरीर मग मध्यरात्री पाणी मागतं, आणि ते बरोबरच आहे.

आठ पेल्यांचा धाक

रोज आठ पेले पाणी प्यायलंच पाहिजे, असं सगळीकडे ऐकू येतं. या आकड्याचं मूळ बहुधा १९४५ सालचं. अमेरिकेच्या फूड अँड न्यूट्रिशन बोर्डाने प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी लागतं असं लिहिलं, आणि लगेच पुढे असंही लिहिलं की यातलं बरंचसं तयार अन्नातूनच मिळतं. पहिलं वाक्य जगभर पोहोचलं, दुसरं मागे राहिलं. हाइन्झ व्हाल्टिन या मूत्रपिंडांच्या अभ्यासकाने आठ पेल्यांच्या नियमामागचा पुरावा शोधून २००२ मध्ये लेख लिहिला. निरोगी माणसाने रोज एवढं पाणी प्यावं असं सांगणारा शास्त्रीय पुरावा त्यांना सापडला नाही. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये स्त्रियांसाठी २ लिटर आणि पुरुषांसाठी २.५ लिटर असे आकडे दिले, तेही अन्नातलं पाणी आणि सगळी पेयं धरून. ऊन, ताप, अंगमेहनत, बाळाला अंगावर पाजणं, यांत गरज वाढते. हृदय किंवा मूत्रपिंडांच्या आजारात डॉक्टर पाण्याला मर्यादा घालतात, तिथे मी लिहिलेलं बाजूला ठेवून त्यांचंच ऐकायचं.

जास्त पाण्याने काही बिघडत नाही, हेही खरं नाही. निरोगी मूत्रपिंडं तासाला साधारण ८०० मिली ते १ लिटर पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून वेगाने पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातला क्षार, उतरतं आणि ते धोक्याचं असतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के जणांचं सोडियम कमी निघालं. शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं होतं, म्हणजे जे घामापेक्षा जास्त पाणी प्यायले होते, त्यांच्यात हे जास्त दिसलं.

दर तासाला वाजणाऱ्या गजरावर माझा विश्वास नाही. आठवड्याभरात माणूस तो बंद करतो. त्यापेक्षा पाणी एखाद्या कामाला बांधून टाकावं. दात घासून झाले की, बाहेरून आलं की, जेवायला बसलं की. वयस्कर माणसांची तहानेची जाणीवच बोथट होते, म्हणून त्यांना "पाणी हवं का?" असं विचारू नका, उत्तर नेहमी नाहीच येतं. भरलेला पेला हातात द्या आणि दोन मिनिटं शेजारी बसा.

पेला वर आणि विजेचा बोर्ड खाली

आता खाटेजवळ पाण्याच्या शेजारी फोन असतो, फोनला चार्जर, आणि चार्जर लावायला जमिनीवर एक्स्टेंशन बोर्ड. माझ्या बहिणीच्या घरी मी राहायला गेले होते. रात्री दोनच्या सुमाराला भाच्याने झोपेत घड्याळासाठी हात लांब केला आणि उघडा पेला थेट बोर्डावर कलंडला. चर्र आवाज झाला, ठिणगी उडाली आणि खोलीत अंधार. एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप वीज तोडणारा स्विच, पडला म्हणून निभावलं. पण खरी भीती मला त्यानंतर वाटली. तो ओल्या जमिनीवर अनवाणी उतरून बोर्ड उचलायला वाकला होता. मी दारातूनच ओरडले, "हात लावू नकोस, खाटेवरच थांब!"

असं झालं तर बोर्डाला, वायरला, ओल्या जमिनीला हात-पाय लावायचा नाही. आधी मुख्य स्विच बंद करायचा, मगच फडकं घ्यायचं. एमसीबी पडला असला तरीही. भिजलेला बोर्ड वाळवून परत वापरायची काटकसर करू नये, तो टाकून द्यावा.

आणि हे होऊच नये म्हणून पाणी खाटेच्या एका बाजूला आणि वायरी दुसऱ्या बाजूला, हा आमच्या घरात आता नियम आहे. उघडा पेला उशाशी नको. रुंद बुडाची, फिरकीच्या झाकणाची बाटली हवी, आणि ती रोज त्याच जागी, अंधारात हात सरळ जाईल अशी. काचेची नको. सांडलेलं पाणी सकाळी पुसू म्हणून ठेवू नका. रात्री घरातलं दुसरं कुणीतरी त्यावरून घसरतं.

आडवं राहून गोळी गिळणं

उशाशी पाणी असण्याचा हा एक तोटाच म्हणायचा. गोळी तोंडात टाकली, मान जराशी उचलून एक घोट घेतला, परत झोपलं. गोळी अन्ननलिकेत चिकटून तिथेच विरघळते आणि आतलं अस्तर पोळतं. दुसऱ्या दिवशी छातीत अशी आग होते की लोक हृदयाचा झटका समजून धावत येतात. डॉक्सीसायक्लीन, लोहाच्या गोळ्या, पोटॅशियम क्लोराइड आणि काही वेदनाशामकं यासाठी कुप्रसिद्ध आहेत. हाडं ठिसूळ झाल्यावर दिली जाणारी अ‍ॅलेंड्रोनेट तर सकाळी उपाशीपोटी, पूर्ण पेलाभर पाण्याबरोबरच घ्यायची असते आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नसतं. गोळी घ्यायची तर पाय खाली सोडून बसा आणि पेलाभर पाणी प्या. रात्रीची गोळी असेल तर झोपायच्या अर्धा तास आधी घ्या, म्हणजे पाणी आणि बसणं दोन्ही जमतं. माझ्या दोन तासांच्या नेमाला हा एक पेला अपवाद.

बाटली विसळली म्हणजे धुतली असं नाही

बाटलीच्या आतून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर तो जंतूंचा थर आहे. तोंड लावून पिताना प्रत्येक घोटाबरोबर थोडी लाळ परत आत जाते, आणि नुसत्या पाण्याने विसळून तो थर निघत नाही. साबण, गरम पाणी आणि लांब दांड्याचा ब्रश, रोज. झाकणातली रबरी रिंग काढून धुवा, वास बहुतेक तिथूनच येतो. स्ट्रॉची बाटली असेल तर स्ट्रॉ आतून घासणारा बारीक ब्रश हवा, तेवढा खटाटोप होणार नसेल तर ती बाटली घेऊच नये. धुतल्यावर झाकण न लावता उलटी ठेवून पूर्ण वाळू द्या.

रात्रभर उघड्या राहिलेल्या पाण्याची चव बदलते, ते पाणी खराब झालं म्हणून नव्हे. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळून ते किंचित आम्ल होतं आणि नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो. स्वच्छ बाटलीतलं झाकलेलं पाणी सकाळी प्यायला काही हरकत नाही. तोंड लावलेलं मात्र मी ओतून देते.

आणखी काही, थोडक्यात. मद्य व्हॅसोप्रेसिनला दाबतं, त्यामुळे त्या रात्री तहानही लागते आणि लघवीलाही उठावं लागतं. सकाळची पहिली लघवी गडद असणं नेहमीचंच आहे, पाण्याचा अंदाज दुपारच्या रंगावरून घ्या. बी जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी लघवीचा रंग बदलतो, त्या चालू असतील तर रंगावरून अंदाज घेऊच नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला रात्री रडतं म्हणून वेगळं पाणी पाजू नका, त्याला दूधच हवं असतं.

तहान की कोरडं तोंड?

या दोन गोष्टी लोक एकच समजतात आणि दोन्हींवर पाणीच ओततात. नाक चोंदलं, तोंड उघडं ठेवून झोपलं, घोरलं, तर तोंड सुकतं. सर्दीच्या आणि अ‍ॅलर्जीच्या बऱ्याच गोळ्यांनी, नैराश्यावरच्या काही औषधांनीही सुकतं. शरीरात पाणी पुरेसं असतं, जीभ तेवढी टाळूला चिकटते. अशा वेळी एक घोट तोंडात घोळवून गिळला की भागतं. अर्धी बाटली प्यायलात तर तासाभराने पुन्हा तोंड सुकेल आणि लघवीलाही उठावं लागेल. रोजच असं होत असेल, घोरणंही मोठं असेल आणि दिवसा पेंग येत असेल, तर स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत मध्येमध्ये श्वास थांबण्याचा त्रास, आहे का हे तपासून घ्यायला हवं.

पण कितीही प्यायलं तरी न भागणारी तहान आणि भरभरून होणारी लघवी, ही जोडी दिसली की माझे कान टवकारतात. पायाच्या जखमेसाठी दाखल झालेल्या एका बाईंचा जग मी एका रात्रीत तीनदा भरला. "उकडतंय हो," त्या म्हणत होत्या. बाकी वॉर्ड पांघरूण घेऊन झोपला होता. सकाळी साखर तपासली तर मधुमेह निघाला, तोवर त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. महिनाभर न भरणारी पायाची जखम आणि तो जग, दोन्हींचं कारण एकच होतं.

रात्रीची तहान किंवा रात्रीचं उठणं दोन-तीन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर डॉक्टरांकडे जाताना तीन दिवसांची नोंद घेऊन जा. एका कागदावर वेळ, किती मिली प्यायलं, आणि पुढच्या रकान्यात लघवीची वेळ आणि मिली. त्यासाठी खुणा असलेलं एक प्लास्टिकचं मापटं बाथरूममध्ये ठेवा. रात्रीच्या नोंदी रात्रीच लिहा, सकाळी आठवून लिहिलेल्या नेहमी कमी भरतात. पेन्सिल बाटलीच्या शेजारीच ठेवा.